सगळं साफ

वामन शिवलकरांना आज प्रत्येक माणूस दोनदा आठवत होता. बायको समोर बसली होती, तरी ते तिच्या मागे आणखी एक सुहासिनी शोधत होते. दोन वर्षांपूर्वीच्या आजारानंतर त्यांची सगळी ओळखपाळख कानामागच्या स्मृतिपेटीत राहायची. पेटीत चेहऱ्यांचा एक तक्ता होता आणि त्याला जोडलेले नात्यांचे, घटनांचे तक्ते. त्यातल्या नोंदी कशाने तरी दुबार झाल्या होत्या.

रत्नागिरीच्या केंद्रात मृण्मयी लिमये ही तंत्रज्ञ त्यातल्या जादा नोंदी एकेक करून पुसत होती. नोंद पुसली की पेटीतली 'राखण' जागी व्हायची आणि तिची प्रत जपून ठेवायची. त्यामुळे चूक झाली तरी निभावून जायचं. अख्खा तक्ता रिकामा करण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता, डॉक्टरांनाही नव्हता. ज्याची आठवण, तोच तिचा मालक, असा कायदा होता. काम सुरू करायला वामनरावांनी परवानगी दिली, तेव्हापासून पेटी त्यांच्या आवाजातले हुकूम ऐकत होती. ते बंद करायचं मृण्मयी साफ विसरली होती.

"किती वेळ गं पोरी? डोकं भणभणलं माझं."

"थोडंच राहिलंय, काका."

"एकेक काय निवडत बसलीस? सगळं साफ कर एकदाचं!"

म्हणायचं होतं, नीट आवर. होडीत, अंगणात, ओट्यावर आपण सगळे तसंच म्हणतो. पेटीने मात्र मालकाचा शब्द शब्दशः पाळला.

मृण्मयीसमोरच्या पडद्यावर चेहऱ्यांचा तक्ता क्षणात रिकामा झाला. राखण जागीच झाली नव्हती. ती एकेका नोंदीसाठी होती, तक्ता एकदम रिकामा होताना तिला कुणी विचारत नाही. जोडलेले तक्तेही गेले. पुढची नोंद आता पहिल्या क्रमांकाची होणार होती. पेटीबाहेर प्रत ठेवायला कायद्याने बंदी होती.

"बसा ना," वामनराव बायकोला अदबीने म्हणाले, "आपण कोण?"

सुहासिनीबाई मृण्मयीकडे वळल्या. "परत येईल ना सगळं?"

"नाही, काकू. चूक माझी आहे." तिला रडू आवरेना. "आता तुम्ही सांगाल तेच त्यांना खरं वाटेल."

बाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. "मी तुमची बायको."

"बरं," ते शहाण्या मुलासारखे म्हणाले. "आणि आपल्याला मूल?"

त्यांचा एकुलता मुलगा किशोर मागच्या वर्षी खाडीत बुडाला होता. त्यानंतर वामनराव कित्येक महिने जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. आता त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं.

सुहासिनीबाईंनी मृण्मयीचं मनगट घट्ट धरलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आहे म्हणू, की होता म्हणू?"