दुपारचे आठ अँपिअर-तास

गेल्या हिवाळ्यात, वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या नऊ तारखेस, दुपारी ठीक दोन वाजता, जुन्या धक्क्याला बांधलेल्या माझ्या नऊ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर हा प्रकार प्रथम घडला.

तो खरा आहे. ज्यांना शंका असेल त्यांच्याशी वाद घालण्यास मी तयार आहे. आकडे माझ्याजवळ आहेत.

बोटीवर कायमचे राहायचे, हा बेत ताईचा. आईच्या पश्चात या थोरल्या बहिणीनेच मला वाढवले. झोपेत तिला प्राणवायूचे यंत्र लागे, म्हणून विजेचे नियोजन मी जातीने केले आणि त्याची यादी भिंतीवर लावली. कोणता दिवा, कोणता पंप, रोज किती तास. सौर पॅनेल बॅटरीत किती भर घालणार. यंत्रापुढे लिहिले : रात्री आठ तास.

"आणि दुपारी?" मी विचारले.

"दुपारी कुठली झोपतेय मी! कधीमधी डोळा लागतो इतकंच."

"कधीमधी म्हणजे किती? त्याला आकडा नसतो, ताई."

"मग शून्य लिही, पंतोजी! तुझ्या उलटतपासणीपेक्षा जागं राहिलेलं बरं."

मी शून्य लिहिले.

पुढे सलग चार दिवस आभाळ भरून राहिले. चौथ्या दुपारी मी पिण्याचे पाणी आणायला धक्क्यावर गेलो. परतलो तेव्हा बॅटरी संपली होती...

यंत्र बंद होते.

ताई पुढच्या बाकावर निजली होती. नळी नाकाशीच. एक हात बाजूच्या लाकडी भिंतीला टेकलेला. काही हवे असले की त्या भिंतीवर ती तीनदा ठोकत असे.

तेरावा झाल्यावर यंत्र मी रुग्णालयाला देऊन टाकले.

त्यानंतर आली ती नऊ तारीख. स्वच्छ ऊन होते. बोटीवर काहीही चालू नव्हते. दोन वाजले आणि बॅटरीतून बाहेर जाणारी वीज मोजणाऱ्या मापकावरचा आकडा हलला...

उणे चार अँपिअर.

मी मुख्य बटण बंद केले.

उणे चार.

ठीक चार वाजता आकडा शून्यावर आला. दोन तास, चार अँपिअर. ते यंत्र नेमके एवढेच घेई.

दुसऱ्या दिवशी आवाजही आला. पुढच्या बाकाकडून, संथ... फुस्स... फुस्स...

मी सवय करून घेतली. खोटे कशाला सांगू, त्या आवाजाची सोबत वाटू लागली.

मग पुन्हा ढग आले.

तिसऱ्या दुपारी बॅटरी उतरू लागली. मी फ्रिज, रेडिओ, पंप, सगळ्यांची जोडणी तोडली. तरी बॅटरी उतरतच राहिली. फुस्स... लांबले. थांबले.

ठक.

मी धावलो. बाक रिकामा होता.

ठक.

आवाज लाकडाच्या पलीकडून येत होता. पलीकडे फक्त पाणी आहे. मी तिथे तळहात टेकून उभा राहिलो. दुसरे काय करणार होतो?

तिसरी ठक आलीच नाही.

आज धक्क्यावरच्या म्हाताऱ्या वायरमनला बोलावले. "उंदीर असेल हो," तो हसत म्हणाला आणि कामाला लागला. त्याने तारन् तार तपासली. दोन वाजता त्याचे हसू गेले. चार वाजेपर्यंत तो मापकासमोरून हलला नाही. मग त्याने भिंतीवरची माझी यादी वाचली. एका ओळीवर त्याचे बोट थांबले.

उद्यापासून ढगाळ हवेचा अंदाज आहे. मी विचारले, "दोष कुठे आहे?"

त्याने हत्यारांची पेटी मिटली.

"साहेब, वायरिंगमध्ये दोष नाही. यादी चुकलीय."