एक्सलेटरवरचा पाय

डॉक्टरांची जुनी गाडी मंगळवारी सकाळी गॅरेजात आली ती खोकतच. मागे काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, आणि एक्सलेटरवरून पाय काढला रे काढला की बंद.

"मिस्त्री, हिला दमा झालाय," डॉक्टर म्हणाले. "रविवारी ताईला फिरवायचंय. ऐंशी वर्षांची आहे, पण हट्ट असा की याच गाडीतून. शनिवारी दुपारी न्यायला येतो."

मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी ओळखीची होती. चौदा महिन्यांपूर्वी तिचा कार्ब्युरेटर त्यांनीच लावून दिला होता. बायकोबरोबर केलेलं ते शेवटचं काम. त्याच आठवड्यात ती अंथरुणाला खिळली आणि पुन्हा उठली नाही. शेवटपर्यंत तिला तपासायला हेच डॉक्टर येत होते, म्हणून त्यांना नाही म्हणवलं नाही. एरवी कार्ब्युरेटरचं काम आलं की मिस्त्री 'वेळ नाही' म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावत.

कारण ते काम त्यांच्याकडे कायम दोघांचं होतं. मिस्त्री बॉनेटखाली डोकं घालून स्क्रू फिरवत आणि बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसून एक्सलेटर सांभाळी. "दे" म्हटलं की दाबायचं, "पुरे" म्हटलं की पाय उचलायचा. इंजिनच्या आवाजात तिचं बोलणं त्यांना ऐकू येत नसे, म्हणून तिने स्वतःच खुणा ठरवल्या होत्या. दोन आखूड दाब म्हणजे अजून गडबड आहे. एक लांब दाब म्हणजे जमलं. तिचा कान नवऱ्यापेक्षा तिखट. मिस्त्री समाधानाने हात पुसायला लागले की हिने दोनदा घुर्र घुर्र करावं आणि खिडकीतून डोकं काढून म्हणावं, "अहो, कान आहेत की बटणं? पाव फेरा मागे घ्या!" मिस्त्री चिडत, कुरकुरत आणि पाव फेरा मागे घेत. दर वेळी तिचंच खरं निघे.

बुधवारी त्यांनी कार्ब्युरेटर उतरवला. तळाला गाळ होता, जेटच्या बारीक भोकात कचरा होता, पण खरं दुखणं ते नव्हतं. पेट्रोलवर तरंगत राहून आत येणारं पेट्रोल वेळेवर थांबवणारी पितळेची पोकळ डबी, म्हणजे फ्लोट, त्यांनी कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल डुचमळत होतं. कुठेतरी बारीक भोक पडलं होतं, आणि जड झालेला फ्लोट तरंगायचं सोडून बुडत होता. भोक शोधायला तो गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडे येतील तिथे खूण करायची. मिस्त्रींनी घरातलं पातेलं आणलं. या पातेल्यावरून नवराबायकोत वर्षानुवर्षं जुंपत आली होती. आज कोणीच काही बोललं नाही, आणि मिस्त्रींना पातेल्यापाशी उभं राहवेना. त्यांनी कसाबसा फ्लोट रिकामा केला, डाख दिला आणि काम उद्यावर टाकलं.

गुरुवारी सकाळी सगळं जोडून गाडी चालू केली. धूर गेला होता, पण इंजिन अजून चालताना ठेचकाळत होतं. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले. पाव फेरा आत, पुन्हा थोडा बाहेर.

"दे," ते म्हणाले.

इंजिन चढलं.

"पुरे."

इंजिन उतरलं. त्यांनी स्क्रू आणखी जरा फिरवला, आणि मग त्यांचा हात थांबला. बॉनेटच्या कडेने त्यांनी पाहिलं. सीट रिकामी होती.

मिस्त्री भाबडे नव्हते. ज्या गोष्टीला नट नाही ती गोष्ट नाही, असं मानणारा माणूस. त्यांनी परतीची स्प्रिंग पाहिली, ती कडक होती. एक्सलेटरची दांडी कुठे अडकत नव्हती. जोडावरच्या गॅस्केटमधून हवा ओढली जाते का, म्हणून कडेने तेल सोडून पाहिलं. सगळं ठीक होतं. मग ते स्टुलावर दहा मिनिटं गप्प बसून राहिले. इंजिन एकाच चालीने ठेचकाळत राहिलं. मोठ्याने एक ते वीस आकडे म्हटले, काही झालं नाही.

शेवटी त्यांनी गाडीचं दार उघडलं, वाकून एक्सलेटरकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "दे."

रबरी पट्टी खाली गेली. लगेच नाही, एक श्वास उशिरा. ती नेहमी एक श्वास उशिराच दाबायची.

मिस्त्रींनी दार लावलं. भीती वाटत नव्हती. चौदा महिने जेवणं, झोपणं, गिऱ्हाइकांशी बोलणं त्यांनी रेटलं होतं. आता कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं झालं. मात्र दुसऱ्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, की गाडी नीट झाली की जाणार. आणि गाडीबरोबर कोण जाणार?

मग त्यांनी आयुष्यात कधी न केलेलं काम केलं. जमत आलेला स्क्रू अर्धा फेरा बिघडवला.

घुर्र, घुर्र.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात. म्हणणाऱ्यांनी हिला पाहिलं नव्हतं. मिस्त्री हसायला लागले, आणि हसता हसता मडगार्डवर डोकं टेकून रडले.

शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. "फ्लोटचं जरा राहिलंय," एवढंच म्हणाले. दिवसभर ते स्क्रू जमवत आणि बिघडवत राहिले. दिवसभर दोन-दोन दाब येत राहिले, दर वेळी जास्त चिडके.

"अगं, येतंय ऐकू," ते बॉनेटखालून म्हणाले. "मुद्दामच करतोय."

इंजिन क्षणभर अगदी हळू झालं. मग पुन्हा दोनदा चढलं, इतक्या जोरात की फळीवरचे पाने खाली पडले.

शनिवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. "ताई आत्तापासूनच तयार होऊन बसलीये हो," डॉक्टर म्हणाले. "उद्या जायचंय म्हटलं, तरी उठत नाही."

मिस्त्रींनी फोन ठेवला. कुणाचीतरी वाट बघत बसणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आणि खराब काम बायकोला कधी खपलं नव्हतं. ते वाकले. या वेळी स्क्रू खरा जमवला, अगदी केसभर मागे, केसभर पुढे, इंजिनचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसारखा होईपर्यंत.

"दे," ते म्हणाले.

एक दाब आला. लांब, सावकाश, कौतुकाचा.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गॅरेज एकदम शांत झालं. गरम सायलेन्सरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"डॉक्टर येतील आता," ते म्हणाले. "गाडी जाईल. तू नको जाऊस. घरी चल."

टिकटिकही थांबली.

"मला नाही गं करमत."

मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडलं.

थोड्या वेळाने ते हळूच लागलं.

दुपारी डॉक्टर आले. एका चकरेतच खूश झाले, हॉर्न वाजवून निघून गेले. मिस्त्रींनी गॅरेजाला कुलूप लावलं आणि ते घरच्या गल्लीकडे वळले. चालताना त्यांनी मान वळवली नाही. वळवायचं धैर्यच नव्हतं.

गल्ली अरुंद होती. समोरून शेजारच्या शिवणवाल्या काकू पिशवी घेऊन येत होत्या. मिस्त्रींना पाहून त्या नेहमीसारख्या हसल्या, वाट द्यायला एका घराच्या पायरीवर चढल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मिस्त्री पुढे गेले.

काकू लगेच उतरल्या नाहीत. त्यांनी पिशवी पोटाशी धरली, अंग आणखी चोरलं, पुन्हा एकदा हसल्या आणि मग खाली उतरल्या.