आतल्या बाजूची सुई

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण रचलेली आहे असं म्हणू नका. जिच्यावर गुदरली ती व्यक्ती अजून हयात आहे. शंभूराव. माझे सख्खे काका. म्हैसूरला आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहतात.

आणि भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते, असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगते.

रात्र नव्हती.

मार्चमधली भर दुपार होती. साल दोन हजार बारा. हुणसूरच्या पुढं, राखीव जंगलाच्या कडेला, पाण्याकाठचं एक जुनं तंबूंचं रिसॉर्ट. त्यातला शेवटचा तंबू...

बाहेरून

आम्ही शिंपी. घरात मराठी, दारात कन्नड, देव्हाऱ्यात विठ्ठल. म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते आता कुणी मोजत नाही.

राखीव जंगलाच्या जमिनीवर पक्कं बांधकाम चालत नाही. वीट नाही, सिमेंट नाही. म्हणून त्र्याऐंशी साली त्या रिसॉर्टवाल्यांनी लाकडी ओट्यांवर कापडी घरं उभारली. आत पलंग, आरसा, मागं न्हाणी. भिंती मात्र कनातीच्या. ती सगळी घरं शंभूकाकांनी आणि सोयराकाकूंनी शिवली.

ते जाड कापड मशीनखाली जात नसे. तंबू उभा करून जोड हातानंच घालायचे. एक जण बाहेर बसायचं, एक जण आत. बाहेरच्यानं सुई आत लोटायची. आतल्यानं ती ओढून घ्यायची आणि परत बाहेर लोटायची. मध्ये कनात. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही.

टक... सुई आत.

सर्रर... दोरा ओढला.

टक... सुई बाहेर.

काका बाहेर, काकू आत. दर वर्षी पावसाळ्याआधी डागडुजीला दोघं जायचे. काकू हसून म्हणायच्या, "आमचा संसार कापडाच्या दोन बाजूंनी झाला बघ."

काकू डावखुऱ्या. त्यांचा टाका उलटीकडं कलायचा. जोड संपला की गाठ त्याच मारायच्या, आतून, आणि दोरा दातांनी तोडायच्या. तोंडात सदा पान. त्यामुळं दोऱ्याचं टोक नेहमी लाल.

आमच्या घरात एक नियम आहे. ओवलेली सुई कापडात टाकून उठायचं नाही. एक तर काम पुरं करून गाठ मारायची, नाही तर दोरा काढून ठेवायचा. आणि घरातलं कुणी गेलं, तर उचलायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या सुयांतले दोरे काढायचे. मशीनच्यासुद्धा.

नाही तर गेलेलं माणूस कामावर बसून राहतं...

आतून

काकू त्या शेवटच्या तंबूतच गेल्या. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात.

जोडाची दुसरी ओळ चालू होती. हातभर राहिली होती.

टक... सर्रर...

सुई परत आली नाही.

"पान लावतेस काय गं?" काका बाहेरून ओरडले. "ऊन माझ्या डोक्यावर आहे, तुझ्या नाही!"

कनात आतून फुगली होती. कुणी टेकून बसल्यासारखी. काकांनी बाहेरूनच हात लावला. पाठ लागली. ऊबदार. थट्टा करते आहे असं वाटून काका आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.

ते क्षण काकांनी मला एकदाच सांगितले. परत कधी नाही.

जीपमधून हुणसूरला नेलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

म्हैसूरला आणल्यावर माझ्या आईनं सगळ्या सुयांतले दोरे काढले. दोन्ही मशीनचे, डब्यातल्या सुयांचे. शेजारणीच्या पदराला अडकवलेल्या सुईचासुद्धा.

एक सुई कुणालाच आठवली नाही.

बाहेरून

त्यानंतर काका तिकडं फिरकले नाहीत. सात वर्षं गेली.

मग शेषगिरींचा फोन आला. रिसॉर्टचे मॅनेजर. तिकडं सगळे काकांना रायरे म्हणतात, म्हणजे आपलं रावसाहेब.

"रायरे, जमिनीचा भाडेपट्टा संपला. पुढं मिळतो की नाही, देवाला ठाऊक. उद्या संध्याकाळच्या आत तंबू उतरवा म्हणतात. पण तुमचे जोड कुणाला उसवेनात. कापायला गेलं तर कापड वाया जातं. तुम्हीच या."

काका गेले. सकाळपासून एकेक तंबू उसवत गेले. कापड मळलं होतं, दोऱ्या कुजल्या होत्या, ठिगळावर ठिगळ होतं. पण जोड तसेच होते. एक टाका आपला, एक तिचा. एक सरळ, एक कललेला. काका पात्यानं तो दोरा तोडत होते.

दुपारी कामगार जेवायला गेले. काका शेवटच्या तंबूकडं निघाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नागरत्ना धावत आली. तिथली जुनी स्वयंपाकीण. काकूंची मैत्रीण.

"तो राहू द्या, रायरे."

"का गं?"

"अय्यो, काय सांगू... कुणी राहत नाही त्यात. सुम्ने, नुसतं कुलूप घालून ठेवलाय. दुपार झाली की आतून आवाज येतो."

"पाल असेल."

"पाल दोरा ओढते काय?"

काकांनी तिच्या हातातली किल्ली घेतली.

आतून

आत ऊन नव्हतं. कापडातून झिरपलेला पिवळा उजेड तेवढा होता.

धूळ सगळीकडं. पलंगावर, आरशावर, जमिनीवर...

जोडापाशी मात्र नव्हती. तिथं लाकडावर बसायच्या जागेएवढा स्वच्छ गोल होता.

आणि कनातीत सुई होती.

अर्धी आत, अर्धी बाहेर. दोरा ओवलेला. सात पावसाळे गेले होते. गंजाचा ठिपका नव्हता.

काकांनी दोऱ्याचं टोक बोटांत धरलं.

ओलं होतं.

बोटं लाल झाली.

मागोमाग आलेली नागरत्ना दारातच मटकन खाली बसली. काकांना भीती वाटली नाही. ते म्हणतात, "मला पहिल्यांदा एवढंच कळलं, की ही सात वर्षं थांबली आहे. आणि मी घरी झोपा काढतोय."

दोरा उपसून काढला असता, तर नियम पाळला गेला असता. काकांनी दोरा धरलासुद्धा. पण काम अर्धं टाकून उठवलेलं काकूंना कधी खपलं नव्हतं. आणि तसंच सोडून जावं, तर संध्याकाळी हे कापड ट्रकमध्ये पडणार. कुठल्या तरी गोदामात, कुणाच्या तरी पायाखाली... आणि ती त्यातच बसलेली राहणार.

"हातभरच तर आहे," काका म्हणाले. "उरकून टाकू."

"आज उतरवायचा तंबू शिवता?" नागरत्ना म्हणाली. "लोक हसतील, रायरे."

"हसू देत."

त्यांनी सुई बाहेर लोटली. नागरत्नाला हाताला धरून बाहेर आणलं. दार ओढून घेतलं.

बाहेरून

काका आपल्या जुन्या जागी बसले. बाहेर आलेली सुई ओढली. टाका घातला. सुई आत लोटली.

टक...

आता उठायचं, वळसा घालून आत जायचं, सुई बाहेर लोटायची, परत यायचं. एकट्यानं शिवायचं म्हणजे असंच. काका गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

आतून

सर्रर...

बाहेरून

दोरा ओढला गेला.

काका तसेच, अर्धे उठलेले.

आतून

टक.

बाहेरून

सुई परत आली होती.

नागरत्ना समोर, उघड्यावरच्या चुलीच्या ओट्याला धरून उभी होती. तिनं हे सगळं पाहिलं. मी नंतर तिला भेटले, खोदून खोदून विचारलं. तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "आत कुणी नव्हतं, अव्वा. दार माझ्या समोर होतं. आत कुणी नव्हतं."

काका बसले. शिवायला लागले.

टक... सर्रर... टक...

वारा पडला होता. पाण्यावरचे पक्षी ओरडायचे थांबले होते. दोघांचा हात जसा पूर्वी चालायचा तसाच चालत होता. घाई नाही, चूक नाही.

मग काकांचं लक्ष उरलेल्या जोडाकडं गेलं.

वीतभर.

आणि त्यांना उमगलं. जोड संपला की गाठ. गाठ मारली की काम संपलं. काम संपलं की ती उठणार.

काकांनी टाके लहान घालायला सुरुवात केली.

आधी तांदळाएवढे. मग जिऱ्याएवढे. मग खसखशीएवढे... कनातीला असे टाके कुणी घालत नाही. लग्नातल्या शालूला घालत नाहीत. डोळ्यांना दिसेना, तरी काका बोटांनी चाचपून सुई लोटत होते. एका टाक्याच्या जागी दहा. दहाच्या जागी...

आतून

दोऱ्याला दोन हिसके बसले.

बाहेरून

ही काकूंची खूण होती. काका रेंगाळायला लागले की आतून त्या दोन हिसके द्यायच्या. आटपा म्हणून.

काका हसले. आणि रडले. नागरत्नानं ते ऐकलं.

"असू दे गं," ते कापडाला म्हणाले. "घाई कसली? घरी कोण आहे?"

हात फिरवला कनातीवरून. कापड थोडं फुगलं होतं. पण ऊब नव्हती.

शेवटी जोड उरलाच नाही. सुई टोचायला जागाच उरली नाही.

काकांनी शेवटचा टाका घातला. सुई आत लोटली. डोळे मिटले.

टक.

आतून

...

बाहेरून

सुई परत आली नाही.

काका बसून राहिले. सावली पायांवरून सरकत गेली. मग उठले. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. जोडाच्या शेवटी गाठ होती. डावखुरी, उलटीकडं कललेली. दोरा दातांनी तोडलेला. टोक ओलं, लाल. त्यांच्या डोळ्यांदेखत ते वाळलं.

काकांनी कनातीला कान लावला. काही नाही. नुसतं कापड.

तेवढ्यात वाटेवरून शेषगिरी धावत आले. धापा टाकत.

"रायरे, थांबा! साकु, साकु, पुरे आता! फोन आला होता वरून. स्थगिती मिळालीय. सध्या काहीच उतरवायचं नाही. उसवलेत ते परत शिवून घेऊ, सगळे तंबू राहू देत."

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"केव्हा आला फोन?"

"आत्ताच. का? काय झालं?"

काकांनी दार ओढून घेतलं. पात्यानं उसवली असती ना गाठ, असं मी एकदा त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "उठलेल्या माणसाला परत बसवायचं? दमली होती ती."

ते तंबू अजून आहेत. राहणार की जाणार, ते आजही ठरलेलं नाही. दर वर्षी काही तरी कागद येतो, दर वर्षी पुढं ढकललं जातं. ओटे वाळवीनं खाल्ले. पाहुणे येत नाहीत. काका मात्र मार्चमध्ये जातात. शेवटच्या तंबूबाहेर बसतात. नवी सुई ओवतात, आत लोटतात आणि थांबतात.

बराच वेळ थांबतात.

मग गुडघ्यावर हात टेकून उठतात. वळसा घालून आत जातात. सुई बाहेर लोटतात. परत बाहेर येतात.

आणि ती जुनी सुई? सापडली नाही. आम्ही ओट्याच्या फटीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, धूळ चाळून पाहिली. दोरा गाठीपाशी तोडला, म्हणजे उरलेला दोरा सुईतच आहे. म्हणजे ती ओवलेलीच कुठं तरी आहे...

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी अंथरुणावर, खुर्चीवर, उंबऱ्यावरसुद्धा आधी हात फिरवल्याशिवाय टेकत नाही. मीही नाही. आता हे लिहायला बसले, तेव्हाही फिरवला.

काका तेवढे कुठंही खुशाल बसतात. हात न फिरवता.

टोचावी म्हणून.