डावखुरे भालदार

ऐकीव म्हणून सोडून देऊ नका. मच्छिंद्र माझा सख्खा मावसभाऊ.

साल १९९६. मे महिना. जुना जालना. आणि रात्र नव्हती...

टळटळीत दुपार होती.

जुन्या कमानी, नक्षीची दारं बघून येतो, असं सांगून मच्छिंद्र परतूरहून रेल्वेनं आला होता.

खरं तर तो भाऊ शोधत होता.

थोरला भुजंग. लग्नघराच्या दाराशी, भिंतीवर पागोटेवाले भालदार रंगवायचा. स्वतः डावखुरा, म्हणून त्याच्या भालदारांचे भालेही डाव्या हातात. परजातीतली पोरगी करतो म्हणाला, तेव्हा आई कडाडली होती, "या दाराला तुझ्या लग्नाचे भालदार लागायचे न्हाईत!"

तो गेला तो गेलाच.

कमानीपलीकडच्या गल्लीत मच्छिंद्र थबकला.

बंद दार. गंजकं कुलूप. दोन्ही बाजूंना भालदार.

भाले... डाव्या हातात.

त्यानं बोट लावलं.

रंग ओला होता.

समोर एक बाई मिरचीची भजी तळत होती.

"मावशी, हे कुणी काढलं?"

"आधी गरम गरम खा तर..." तिची नजर त्याच्या तांबड्या बोटावर गेली. झारा कढईतच राहिला.

"परतूरचे का तुम्ही?"

"हो."

"लई जल्दी आलात!" ती कडवट हसली. "माझ्याच पोरीचं, पुष्पाचं लग्न व्हतं या घरात. नवरदेवच पेंटर. हळदीच्या दिवशी शिडीवरून पडला अन् गेला. परतूरला माणूस धाडल्ता आम्ही. तुमची म्हातारी म्हणली, असा कुणी आमचा न्हाई."

"कधी झालं हे?"

"पुष्पाचे केस पिकले आता."

"मग रंग ओला कसा?"

"वाळतच न्हाई, दादा. वाट बघून राह्यला."

मच्छिंद्रनं भजी तशीच ठेवून परतीची गाडी धरली.

संध्याकाळी तो घरी पोचला. दाराशी आई बसली होती. ओल्या फडक्यानं भिंत घासत होती. बोटं सोललेली.

पुसलेल्या जागी हळूहळू उमटत होतं...

पागोटं. डावा हात. भाला.

"तू गेल्यापासून पुसून राह्यले," ती म्हणाली.

"आई, जालन्याहून माणूस आल्ता?"

तिनं फडकं पिळलं. तांबडं पाणी उंबऱ्यावर ओघळलं.

"सांग रे त्याला... आता मी न्हाई म्हणत न्हाई."

पुढं मच्छिंद्रची आई गेली. मच्छिंद्र दर दिवाळीला त्या भिंतीला चुना मारतो.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. बोलता बोलता भिंतीला टेकलो. भिंत पांढरीशुभ्र होती.

घरी येऊन सदरा काढला...

पाठीवर तांबडं होतं.

अजून वाळलेलं नाही.