जाणती पट्टी

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर मृण्मयी दांडेकरच्या चाळीस दिवसांचा आलेख उघडला होता आणि तिच्या शल्यचिकित्सक डॉ. रेहाना मुल्ला तो पुन्हा पुन्हा मागेपुढे सरकवून पाहत होत्या.

दुसऱ्या बाळंतपणापासून वीस वर्षं तिने शिंक, खोकला, हसू सगळं जीव मुठीत धरून काढलं होतं. जरा जोर पडला की लघवी निसटायची. फुगडीत जिचा हात कुणी धरू शकत नसे, ती मंगळागौरीला आजारपणाची सबब सांगून घरी बसायची. म्हणून तर तिने मूत्रमार्गाखाली ही जाणती पट्टी बसवून घेतली. येत्या मंगळवारी लेकीची पहिली मंगळागौर. एकदा तरी मनसोक्त खेळायचं होतं. आणि काल तालमीत दोन गिरक्यांतच साडी भिजली, सगळ्यांदेखत.

"पट्टी बिघडली का?" रेहानांनी विचारलं.

"छे! चोख काम करतेय," पट्टी घडवणारा अभियंता भूषण शेवाळे म्हणाला. "दाब आल्यावर आवळायचं म्हटलं तर उशीर होतो. म्हणून दाबाआधी शरीर कोणती खूण देतं, ते ती पहिले चाळीस दिवस शिकते. पुढे ती खूण मिळाली तरच आवळते, आणि आवळली की इथे पडद्यावर हिरवा दिवा लागतो. चाळीस दिवसांनी तिच्या स्मृतीवर कायमचा शिक्का, पुन्हा नवं शिकणं नाही. बाहेरून कुणी ढवळाढवळ करायला नको."

"आणि यांची खूण?"

"हे बघा. प्रत्येक खोकल्याआधी मांड्या आवळल्यात, श्वास रोखलाय. एकदाही चुकलेलं नाही. तुमच्या तपासणीतसुद्धा."

फुगडीत कुठल्या मांड्या आवळणार!

"तुम्हीच म्हणालात, नेहमीसारखं वागा," मृण्मयी म्हणाली. "मी नेहमीसारखीच वागले हो, डॉक्टर."

रेहानांची मान खाली गेली. "तुमचं नेहमीचं म्हणजे काय, हे मीच विचारायला हवं होतं."

"मग काढून टाका ती."

"मांसात रुजलीय. काढायला गेलो तर मूत्रमार्ग फाटेल."

"म्हणजे मी जन्मभर भीत राहिले, तरच ती चालणार?"

भूषण उगाच चष्मा पुसत बसला.

मृण्मयीला हुंदका आला. तिने आधी मांड्या आवळल्या, श्वास रोखला आणि मगच रडली.

पडद्यावर हिरवा दिवा लागला.