सुळक्यावरची हरवलेली उडी

खेळताना लोण्यासारखी सरकणारी गाडी चित्रफितीत मात्र ठेचकाळत का चालते, हे शाल्मलीला काही केल्या कळत नव्हतं.

खेळाचं नाव होतं 'दरीपार'. सहा चाकांची गाडी खडकांवरून हाकत दरीच्या पलीकडे न्यायची. आई घरी होती तेव्हा दोघी मिळून खेळायच्या. शाल्मली गाडी वळवायची, आई ब्रेक सांभाळायची. आता आई मंगळावरच्या संशोधन तळावर होती. तिथल्या खडकांचा अभ्यास करायचं तिचं काम होतं आणि तिला परतायला अजून बराच अवकाश होता. इथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने जात असूनही तिच्यापर्यंत पोचायला त्या दिवसांत पाव तास लागे. शाल्मलीने इथे "ब्रेक" म्हणावं आणि आईने तिथे तो ऐकावा, तोवर गाडी केव्हाच दरीत गेलेली असायची. मग दोघींनी तोडगा काढला. शाल्मलीने खेळ चित्रित करून पाठवायचा आणि आईने तो पाहून कुठे चुकलं ते सांगायचं.

शेवटच्या टप्प्यावर एक तिरका सुळका होता. त्यावरून उडी घेताना गाडी दर वेळी उलटायची. शाल्मलीने ती चित्रफीत पाठवली. आईचं उत्तर आलं, "शालू, गाडी सुळक्यावर दिसते आणि एकदम दरीत दिसते. मधलं काहीच दिसत नाही गं. जाऊ दे, आपण नुसत्या गप्पा मारत जाऊ."

आईचा आवाज हसरा होता, पण ते 'जाऊ दे' शाल्मलीला लागलं. गप्पा तर सगळेच मारतात. हा खेळ त्या दोघींचा होता.

चित्र जितकं भरीव तितकं आईला नीट दिसेल, असं वाटून तिने हट्टाने खेळाच्या चित्रांच्या सगळ्या सोयी वाढवल्या. सावल्या अधिक गडद केल्या, लाल धुळीचे लोट अधिक दाट केले, आणि सेकंदाला जमतील तितकी चित्रं काढायला लावलं. पुन्हा चित्रण केलं. गाडी पहिल्यापेक्षा जास्त अडखळली.

"आजी, संगणक बिघडलाय," ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली.

तिची आजी, म्हणजे आईची आई, डॉ. कुमुदिनी ठोसर. अंतराळयानांच्या कॅमेऱ्यांवर तिने सारी नोकरी केली होती आणि आता ती लेकीच्या अमरावतीच्या घरी राहत होती. मेथीची जुडी बाजूला सारून ती चित्रफीत पाहायला आली. दोनदा पाहिली.

"बिघडला नाही. दमलाय," ती म्हणाली. "कागद आण थोडे. आणि तुझं ते गाण्याच्या क्लासचं ठोके देणारं यंत्र."

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. दर ठोक्याला एका कागदावर एक वर्तुळ काढायचं, एवढंच आजीने सांगितलं. शाल्मलीला ते सहज जमलं.

"आता वर्तुळ काढ, कागदाची घडी घाल आणि डब्यात टाक. ठोका चुकवायचा नाही."

तिसऱ्या-चौथ्या कागदालाच शाल्मलीची तारांबळ उडाली. घडी घालता घालता एक ठोका गेला, तो पकडायला धावली तर वर्तुळ अर्धवट राहिलं.

"एक हात किती कामं करणार?" ती वैतागून म्हणाली.

"तुझा संगणक तेच म्हणतोय. खेळातली प्रत्येक फ्रेम (हलत्या दृश्यातलं एक स्थिर चित्र) तो काढतो. अशी साठ चित्रं एका सेकंदात भराभर पाहिली की आपल्याला गाडी धावल्याचा भास होतो. चित्रण सुरू केलंस की त्याला प्रत्येक चित्राची घडीही घालावी लागते, म्हणजे ते कमी जागेत बसवून साठवावं लागतं. आता घड्या मी घालते."

आजी घड्या घालू लागली आणि शाल्मलीचा एकही ठोका चुकला नाही.

"पण संगणकात आजी कुठून आणायची?"

"असते. चित्रं काढणाऱ्या कार्डावर एन्कोडर (चित्रं आटोपशीर करून साठवणारा भाग) वेगळा बसवलेला असतो. तू ते काम त्याला दिलंच नाहीस. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर टाकलास."

शाल्मली उठायला लागली, तशी आजीने तिला हाताला धरून बसवलं. "अर्धंच झालंय. आता कागदांवर क्रमाने आकडे घाल. ठोक्याकडे लक्ष देऊ नकोस, मनाला येईल तसं कधी भरभर, कधी सावकाश लिही. मी मात्र दर ठोक्याला तुझ्या हाताखालचा आकडा टिपून घेईन."

थोड्या वेळाने आजीने आपला कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: एक, चार, चार, पाच, नऊ.

शाल्मलीने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. "चार दोनदा आलाय. म्हणजे गाडी तिथे थबकल्यासारखी दिसणार," ती हळूच म्हणाली. "आणि सहा, सात, आठ आलेच नाहीत. आजी, माझी उडी तिथे गेली."

"तिथेच गेली. तुझा पडदा नव्या धाटणीचा आहे, चित्र तयार होईल तसं दाखवतो. म्हणून खेळताना खटकत नाही. चित्रफीत मात्र ठरलेल्या ठोक्यालाच चित्र उचलते."

"म्हणजे जास्त चित्रं काढून उपयोग नाही. सारख्या अंतराने काढायला हवीत."

आजीने मान डोलावली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

पुढचं शाल्मलीने एकटीने केलं. साठवायचं काम एन्कोडरकडे दिलं. खेळाला सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली आणि चित्रफितीलाही तोच ठोका दिला. गाडी छान धावू लागली, पण सुळक्यापाशी पुन्हा एक हिसका बसला. तिथे धुळीचा लोट उठत होता. तो रंगवताना संगणकाला दम लागत होता आणि साठ चित्रंही वेळेत होत नव्हती. धूळ कमी करायला हवी होती. शाल्मलीचा हात अडला. ती धूळ तिला फार आवडायची, आई जिथे राहते तिथल्यासारखी.

"तुझ्या आईला धूळ रोजच दिसते गं," आजी दारातून म्हणाली. "तिला तुझी गाडी बघायची आहे."

शाल्मलीने धूळ विरळ केली. या वेळी गाडी सुळक्यावर चढली, तिरकी झाली, हवेत गेली आणि उलटली, आणि त्यातला क्षण न् क्षण चित्रफितीत दिसला. आपण इतक्या छान उलटलो म्हणून शाल्मलीला पहिल्यांदाच आनंद झाला.

संध्याकाळी आईचा संदेश आला. "शालू, दिसलं. उडी घेण्याआधीच तुझं मागचं उजवं चाक जमीन सोडतंय. मी असते तर तिथे ब्रेक किंचित दाबला असता. किंचितच हं. आणि एक सांग, हे केलंस कसं? आमच्या खऱ्या गाड्यांची चित्रणंही वादळात अशीच अडखळतात. इथले लोक विचारताहेत."

"खऱ्या गाड्यांना हेच चालेल?" शाल्मलीने आजीला विचारलं.

"तत्त्व हेच. पण तिथे वीज कमी, थंडी फार. त्यात खूप सुधारायचं राहिलंय. माझ्याच्याने झालं तेवढं मी केलं." आजी तिच्याकडे पाहून हसली. "उरलेलं कुणीतरी करेलच की."

शाल्मलीने चित्रण सुरू केलं. सुळक्याच्या टोकाशी वळवता वळवता तिने स्वतःच ब्रेकवर बोट ठेवलं आणि किंचित दाबलं. चाक खाली टेकलं. गाडी हवेत गेली, थरथरली आणि पलीकडे सहा चाकांवर उतरली.

समोर एक मोठं पठार पसरलं होतं, त्या दोघींनी कधीच न पाहिलेलं. लांबवर काहीतरी चमकत होतं. शाल्मलीला पुढे जायचा फार मोह झाला. तिने गाडी थांबवली, चित्रफीत आईकडे रवाना केली आणि सोबत एकच वाक्य पाठवलं.

"आई, डावीकडे वळू की उजवीकडे?"