पुस्तकातली थोरली

रस्सा उतू गेला, शेगडी विझली, गॅसचा वास घरभर पसरू लागला... आणि शादलिया मात्र खिडकीजवळच्या स्टुलावर तशीच बसून राहिली होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि नजर एकाच ओळीवर खिळली होती. ती ओळ पुन्हा वाचावी की पुस्तक फाडून टाकावं, हेच तिला कळेना!

“अगं पोरी, जाळून घेशील की स्वतःला!” शेजारची म्हातारी मबरूका धावत आत आली, बटण बंद करून तिनं खिडकी सताड उघडली. “काय झालं? कोणी गेलं का?”

“कोणी नाही गेलं,” शादलिया कोरड्या आवाजात म्हणाली. “मीच गेले म्हणायची. मला मारून पुस्तकात पुरलंय बघ... माझ्याच धाकट्या बहिणीनं, नजीहानं.”

ट्युनिशियातल्या नाबुल गावी, त्या गल्लीच्या तोंडाशी, मिठाईवाल्याच्या भिंतीला टेकून एक जुना, बिनमोटरीचा फ्रीज उभा असे. निवृत्त शिक्षक मुन्सिफ यांनी तो निळा रंगवून त्यात पुस्तकं ठेवली होती आणि दारावर लिहिलं होतं – ‘न्या, वाचा, जमलं तर एक ठेवा.’ सुरुवातीला लोक हसले. “काय हो, पुस्तकं ताजी राहतात का यात?” असं जो तो विचारायचा. पण शादलियाला त्या फ्रीजनं जणू दुसरा जन्मच दिला होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, सारं आयुष्य लोकांच्या लग्नातली पातेली ढवळण्यात गेलेलं. आता गुडघे थकले होते, घर रिकामं होतं, आणि दुपारच्या त्या दीर्घ, निःशब्द एकांतात कोणीतरी लिहिलेलं सुखदुःख तिला सोबत करत होतं.

ईदनंतर तिला तिथं ही कादंबरी सापडली. कोरी करकरीत, वर सागरकन्या असं लेखिकेचं टोपणनाव, आणि आत चक्क स्वयंपाक! पाककृतींचं पुस्तक नव्हे, तर गोष्ट... पण प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ. शादलियाला आधी विश्वासच वाटेना. राजेरजवाड्यांवर, युद्धांवर, प्रेमावर लिहितात हे तिला ठाऊक होतं. पण वाफेवर शिजवायच्या रवाळ कुसकुसाच्या दोन भांड्यांच्या सांध्याला कणकेच्या पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळून वाफ कशी अडवायची, यावर कोणी दोन पानं लिहावीत? आणि तीही अशी, की वाचताना गालाला वाफ लागावी! ती एकटीच खुदकन हसली. आपण जन्मभर जे केलं त्याला इतकी किंमत आहे, या विचारानं तिचा ऊर भरून आला. रोज दुपारी ती मबरूकाला वाचून दाखवी, आणि अक्षरओळख नसलेली मबरूका मान डोलावून म्हणे, “ही बाई स्वयंपाकघरात वाढलेली दिसते हो!”

आज मबरूका यायच्या आधीच तिनं पुढचं प्रकरण उघडलं होतं. त्यात वसंत ऋतू होता, नारिंगाची फुलं होती, फुलांचं पाणी गाळणारी आई होती... आणि ती आई पाणी बाटलीत भरण्याआधी त्याचा एक थेंब मुलीच्या कानामागे लावून हुंगत होती.

शादलियानं ती ओळ पुन्हा वाचली. साऱ्या नाबुलमध्ये असं करणारी एकच बाई होती... तिची उम्मी, तिची आई!

मग ती अधाशासारखी वाचत गेली. पुस्तकातली आई देवता होती, धाकटी मुलगी प्रेमाला भुकेलेलं पाखरू होती, आणि थोरली? थोरली होती मत्सरानं काळवंडलेली, चुलीवर नागिणीसारखी बसलेली. धाकटी दारात आली की तिच्या तोंडावर स्वयंपाकघराचं दार लावणारी. आईची माया, आईचे हात, आईची विद्या, सारं एकटीनं गिळणारी! आणि शेवटी ती ओळ – ‘आईचे प्राण जात होते तेव्हाही थोरलीच्या शेगडीवर भांडं खदखदत होतं.’

“खदखदत होतं ना!” शादलिया हुंदका देऊन म्हणाली. “परीक्षा टाकून ही पोर ट्युनिसहून बसनं उपाशी येणार म्हणून सूप ठेवलं होतं मी... तिच्यासाठी! मबरूका, तिच्याचसाठी ग!”

मबरूकानं कपाळाला हात लावला. उम्मीच्या हाताखाली लग्नाच्या पंगती रांधण्यात तिचं तारुण्य गेलं होतं. त्या घरातलं सारं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

“फोन कर तिला. बोलाव इथं. आणि तू बोलणार नसशील तर मी बोलते!”

*

नजीहा आली ती फुलांच्या दिवसांत. राजधानीत साहित्य शिकवणारी, केस कापलेली, मोजकं बोलणारी नजीहा. वर्षानुवर्षं ती ईदला यायची, तासभर पाहुण्यासारखी बसायची आणि निघून जायची. आपल्या हातून काय चुकलं, हे शादलियाला कधीच उमगलं नव्हतं. पुस्तक वाचल्यावर ते प्रथमच उमगलं होतं.

अंगणात पांढऱ्या चादरीवर फुलांची रास पडली होती. मबरूका देठ खुडत बसली होती. शादलियानं चहा पुढे केला. नजीहानं पेल्याला हात लावला नाही.

“वाचलंस?” तिनं विचारलं.

“वाचलं.”

“कसं वाटलं?”

“कुसकुस छान उतरलाय.”

“ताई, मस्करी करू नकोस!” नजीहानं पेला बाजूला सारला. “ते पुस्तक मीच ठेवलं त्या फ्रीजमध्ये. ईदला आले होते ना, जाताना ठेवलं. तू तिथून पुस्तकं नेतेस हे माहीत होतं मला. हातात द्यायची हिंमत झाली नाही.”

“सगळी गल्ली वाचेल, याची नाही लाज वाटली?”

“वाटली. पण तू वाचावंस असं त्याहून जास्त वाटलं.” आणि मग इतक्या वर्षांचा बांध फुटावा तसा तिचा आवाज फुटला, “मी किती लहान होते ग! उम्मी तुला शिकवायची, तुम्ही दोघी आत हसायच्या, दाराखालून जिऱ्याचा, लसणाचा वास यायचा... आणि मी बाहेर गार फरशीवर, हातात व्याकरण! दार वाजवलं की तू म्हणायचीस, ‘जा, अभ्यास कर, इथं तुझं काही काम नाही.’ माझ्याच आईच्या स्वयंपाकघरात माझं काही काम नाही? एकदा मी पीठ मळायला हात घातला तर तू माझ्या हातावर चमचा मारलास. आठवतंय?”

“आठवतंय.”

“का ग? काय बिघडवलं होतं मी तुझं? उम्मी तुला एकटीलाच हवी होती का?”

मबरूकाच्या हातातलं फूल चुरगळलं. “ए शहाणे! तुझ्या त्या उम्मीनंच तुला—”

“मबरूका!” शादलिया कडाडली. “फुलं सांडतायत. नीट बस.”

म्हातारीनं चुरगळलेलं फूल बाजूला टाकलं.

शादलियाच्या कानांत मात्र दुसराच आवाज घुमत होता. नवऱ्याच्या अकाली मृत्यूनं धास्तावलेल्या, गुडघे आखडून खुर्चीला खिळत चाललेल्या उम्मीचा आवाज. ‘पुरे झाली शाळा नजीहाची. पुस्तकं खायची आहेत का आपल्याला? उद्यापासून बसव तिला चुलीपाशी. चार हात झाले तर दोन लग्नं जास्त घेता येतील.’ तेव्हा शादलिया उम्मीच्या पायांवर कोसळली होती. ‘तिच्या वाटचं मी करते. रात्रीचं करते, पहाटेचं करते, पण तिला चुलीला हात लावू देऊ नकोस. एकदा का तिच्या हाताला चव आहे हे तुला कळलं, तर तू तिला सोडायची नाहीस!’ शेवटी उम्मीनं होकाराची मान हलवली होती. म्हणून ते दार! म्हणून तो चमचा! पीठ मळणाऱ्या त्या इवल्या बोटांत चव उतरताना तिनं पाहिली होती, आणि भयानं तिचा जीव उडाला होता. दोघींच्या वाटचं करता करता तिला मागणी घालणारा कुंभाराचा सलाह दोन वर्षं थांबला आणि मग दुसरीकडे बोहल्यावर चढला. तेही कोणाला कळलं नाही.

उम्मी दुष्ट नव्हती. भ्यालेली होती, एवढंच. पण हे सांगितलं तर? शादलियानं बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या बाईनं उम्मीच्या मायेवर अख्खं पुस्तक उभं केलं होतं, पोटच्या पोरीला उम्मीचं नाव दिलं होतं... परक्या शहरात, घटस्फोटात, आजारात, ‘उम्मी असती तर’ याच एका वाक्याला धरून ती जगली होती. आपण दोन शब्द बोललो तर हिला बहीण मिळेल. पण आई जाईल. आणि उम्मी तर आता स्वतःची बाजू मांडायलाही नाही!

“बोल ना, ताई,” नजीहा रडत होती. “एकदा तरी खरं बोल. मला भांडायचं नाहीये. मला फक्त कळायला हवंय.”

फुलांच्या उग्र, गोड वासानं अंगण कोंदलं होतं. शादलियानं पदरासारखी खांद्यावरची ओढणी आवळून घेतली.

“हो,” ती म्हणाली. “मत्सर होता मला.”

मबरूका ताडकन उठली.

“तू हुशार होतीस, गोरी होतीस, उम्मीची लाडकी होतीस,” शादलिया शांतपणे, एकेक शब्द सुरीसारखा स्वतःच्याच गळ्यावर ठेवावा तशी बोलत राहिली. “माझ्याकडे होतं काय? एक चूल. तीही तू घेशील असं वाटलं. म्हणून दार लावलं. चुकले मी.”

“या अल्ला!” मबरूकानं ओंजळीतली फुलं चादरीवर आपटली. “मला नाही बसवत या घरात. एक लिहून आंधळी, दुसरी बोलून मुकी!” आणि काठी टेकत ती तरातरा निघून गेली.

“काय झालं तिला?” नजीहानं विचारलं.

“वय झालंय. भरकटते मधेच.”

नजीहा जागेवरून उठली. मग लहान मुलीसारखी पुढे झाली आणि शादलियाच्या गळ्यात पडली... इतक्या वर्षांनी! “बस, ताई, बस. एवढंच ऐकायचं होतं मला. नाही राग आता. खरंच नाही!” बहिणीचे अश्रू मानेवर ओघळू लागले आणि शादलियाच्या कोरड्या डोळ्यांनाही धारा लागल्या. हे पश्चात्तापाचे अश्रू आहेत असं समजून नजीहा तिची पाठ थोपटत राहिली, “असू दे ग... होतं असं माणसाकडून...”, आणि शादलियानं ती थोपटणारी ऊब मुकाट्यानं घेतली. कारण कोणत्याही नावानं का होईना, आज तिची नजीहा तिच्या कुशीत होती.

थोड्या वेळानं नजीहानं डोळे पुसून फ्रान्समध्ये ल्योंला असलेल्या लेकीला फोन लावला. अंगणात येरझारा घालत ती बोलत होती, आणि तिच्या आवाजात शादलियानं कधी न ऐकलेला मोकळेपणा होता.

“हो ग, सगळं कबूल केलं तिनं... खूप रडली बिचारी... मग काय, केलं माफ. मन मोठं करावं लागतं बाई, शेवटी सख्खी बहीण आहे माझी!... थांब हं, तूच बोल.”

तिनं हसत फोन शादलियाच्या कानाला लावला. पलीकडून भाचीचा कोवळा, जपून बोलणारा आवाज आला, “मावशी, सांगून टाकलंस ते फार बरं केलंस. आता हलकं वाटतंय ना तुला?”

नजीहा समोर उभी राहून, ओल्या डोळ्यांनी, आशेनं तिच्याकडे पाहत होती.

“हो, बाळा,” शादलिया म्हणाली. “अगदी हलकं वाटतंय.”